बेरजेबाहेरचे बळ

माणसाला क्रम लावल्याशिवाय चैन पडत नाही. आढीतले आंबे असोत, गणपतीची आरास असो, नाहीतर सोयरिकीला आलेली स्थळे असोत. पहिले कोण आणि शेवटचे कोण हे ठरल्याखेरीज आपल्या जिवाला स्वस्थता नसते. त्यात ज्याचा निम्मा जन्म गुणपत्रिकांवर सह्या करण्यात गेला, त्याची तर ती सवयच होऊन बसते. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत माझ्या भाच्याने क्रमवारीचाच विषय काढला तेव्हा मी हातातले वर्तमानपत्र आपणहून खाली ठेवले.

हा भाचा बडोद्याचा. धाकटी बहीण तिकडे दिली आहे. मुलगा नववीत जाणारा, बोलायला चुणचुणीत. पण शाळेत तुकडी 'क'. ही 'क' आमच्या बहिणीच्या मनाला इतकी लागलेली, की घरात येऊन पायांवर पाणी घेण्याआधीच तिने मला ती सांगितली. मुलगा मात्र ओसरीच्या कोपऱ्यात फोन घेऊन कसल्याशा लढाईत गढून गेला होता. ती लढाई म्हणजे पोकेमॉन.

वाचकांपैकी अनेकांनी पिकाचू नावाचा तो पिवळा प्राणी नातवंडांच्या दप्तरांवर पाहिला असेल. त्याचा जन्म जपानमधला. किडे गोळा करण्याचा लहानपणी छंद असलेल्या सातोशी ताजिरी या गृहस्थांच्या कल्पनेतून हा खेळ निघाला, आणि 27 फेब्रुवारी 1996 रोजी तो बाजारात आला. त्या वेळी त्यात 151 प्राणी होते; आज ते हजारावर गेले आहेत. हे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि सहाजणांचा संघ करून दुसऱ्याच्या संघाशी लढवायचे. पाणी आगीला भारी, आग वनस्पतीला भारी आणि वनस्पती पाण्याला भारी, असे एकूण 18 प्रकार. प्रत्येक जातीला सहा आकडे नेमून दिलेले: प्राण, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात जन्मतःच गुणपत्रिका अडकवलेली!

"मग काय, सहा विषयांची बेरीज करायची की लागला क्रम," मी म्हटले.

"मामा, बेरजेवर जाऊ नका," भाचा म्हणाला, "स्लेकिंग बघा."

स्लेकिंग हा ऐदी, कुशीवर लोळणारा, वानरासारखा प्राणी. त्याची बेरीज 670. या खेळात समुद्र आणि जमीन निर्माण करणारे म्हणून ज्यांची वर्णने आहेत त्या कायोग्र आणि ग्राउडॉन यांचीही बेरीज 670च. म्हणजे कागदावर हा त्यांच्या पंगतीतला. पण त्याच्या स्वभावात एक खोट घातली आहे: तो एक वार करतो आणि पुढच्या पाळीला नुसता बसून राहतो. शहाणा प्रतिस्पर्धी नेमकी ती पाळी साधतो. त्यामुळे एवढे गुण असून वरच्या खेळाडूंच्या संघात त्याला कोणी घेत नाही. असले दोन-तीन स्लेकिंग प्रत्येक मास्तराच्या आठवणीत असतातच.

त्याच्या उलट शेडिंजा. किड्याने अंगावरून टाकलेली ही पोकळ कात. बेरीज अवघी 236, आणि प्राण म्हणाल तर केवळ 1. फुंकर मारली तर मरेल. पण त्याला वरदान असे, की 18 प्रकारांपैकी फक्त 5 प्रकारचे हल्ले त्याला लागतात. बाकीचे अंगावरून वाहून जातात. ज्याच्यापाशी ते 5 नाहीत, तो कितीही बलाढ्य असला तरी या पोकळ कातीपुढे नुसता हात चोळत बसतो.

अगदी पहिल्या खेळात जाणकारांनी सर्वांत वर मानलेल्या मोजक्या प्राण्यांत टॉरॉस आहे. टॉरॉस म्हणजे चक्क बैल. त्याच्यामागे पुराण नाही, दंतकथा नाही. पण त्या वेळच्या नियमांत ज्याचा वेग जास्त त्याचा वार वर्मी बसण्याची शक्यता जास्त. शिवाय सर्वांत जबर फटका मारून समोरचा गारद झाला तर मारणाऱ्याला दम खाण्यासाठी थांबावे लागत नसे. हे दोन्ही नियम या बैलाच्या पथ्यावर पडले. पुढे नियम बदलले आणि बैलाचे राज्य गेले. आकडे जवळपास तेच राहिले. भोवतालचे जग बदलले.

चारिझार्डची गोष्ट याहून बोलकी आहे. पंखांचा, आग ओकणारा, मुलांचा मोठा लाडका. 2006 साली आलेल्या खेळात एक नवी युक्ती सर्रास झाली: प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात टोकदार दगड पेरून ठेवायचे. आग आणि पंख दोन्हींवर दगड भारी, त्यामुळे चारिझार्डने मैदानात नुसते पाऊल टाकले की त्याचे निम्मे प्राण गेले! 2019 च्या खेळात जाड तळव्याचे बूट आले आणि ते घालणाऱ्याला त्या दगडांची इजा होईना. प्राणी तोच, आकडे तेच. मधल्या काळात त्याची किंमत दगडांनी पाडली आणि बुटांनी सावरली. हे ऐकताना मला वर्गातल्या कित्येक मुली आठवल्या. शेणगोठा उरकून, धाकट्यांना न्हाऊ घालून त्या शाळेत येतात, तेव्हा दारातच त्यांचे निम्मे प्राण गेलेले असतात. आपण त्यांचे गुण मोजतो. अंगणातले दगड मोजत नाही.

आणि पाचिरिसू! 405 बेरजेची ही शेपटीबाज खार. पण 2014 साली वॉशिंग्टनमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजून पार्क या खेळाडूने तिला संघात घेतले आणि अजिंक्यपद जिंकले. तिचे काम शत्रूला लोळवण्याचे नव्हतेच. तिथे दोन-दोन प्राणी एकाच वेळी मैदानात असतात. ही पुढे होऊन शत्रूचे वार स्वतःवर ओढून घेई, आणि तेवढ्यात तिचा जोडीदार आपला डाव साधे. अशा कामाला बेरजेत रकाना नाही. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या वहिनीच्या कामालाही तो नसतो.

मग क्रम लावायचा तरी कसा? यावर भाच्याने स्मोगॉन नावाच्या मंडळींची पद्धत सांगितली. 2004 पासून ही खेळाडू मंडळी स्वतःला थट्टेने 'विद्यापीठ' म्हणवतात. इमारत नाही, कुलगुरू नाही, अनुदान तर नाहीच. त्यांनी प्राण्यांचे थर पाडले आहेत. सर्वांत वर 'उबर्स', म्हणजे जे बाकीच्यांचा खेळच होऊ देत नाहीत असे. त्याखाली 'ओव्हरयूज्ड', मग 'अंडरयूज्ड', असे उतरत जाते. तळाकडच्या एका थराचे नाव 'पीयू'. आमच्या कर्नाटकात पी. यू. म्हणजे दहावीनंतरची दोन वर्षे. त्यामुळे मला क्षणभर वाटले की पोरगा माझीच थट्टा करतो आहे.

हे थर पडतात ते गुणांवरून नव्हे, वापरावरून. एखादा प्राणी 15 लढतींत एकदा तरी समोर येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल, म्हणजे त्याचा वापर 4.52 टक्क्यांच्या वर असेल, तर तो त्या थरातला. ठरावीक महिन्यांनी मोजणी पुन्हा होते आणि प्राणी वर-खाली सरकतात. खालच्या थरातला प्राणी वरच्या थरात नेऊन खेळवायला कोणाची आडकाठी नाही. वरच्याला मात्र खाली उतरून दुबळ्यांना बडवण्याची परवानगी नाही. एखादा प्राणी फारच शिरजोर झाल्याचा संशय आला, तर पात्रता मिळवलेले खेळाडू मतदान करून त्याला बाहेर काढतात.

"पण मग खालच्या थरांचा उपयोग काय?" मी विचारले.

भाचा माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत म्हणाला, "मामा, खालचे थर नसते तर त्या प्राण्यांना कोणी खेळवलंच नसतं. थर त्यांच्यासाठीच तर आहेत."

हे वाक्य मी त्या रात्री बराच वेळ घोळवत राहिलो. कारण त्याच सुमारास आमच्या संस्थेपुढे एक सूचना आली होती: नववीच्या तुकड्या यापुढे गुणांनुसार पाडाव्यात, म्हणजे 'अ' तुकडीवर चांगले शिक्षक देऊन निकाल उंचावता येईल. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सीमाभागातली मराठी शाळा ही मुळातच पटसंख्येच्या काळजीने पोखरलेली. निकाल घसरला तर पालक मुलांना दुसरीकडे नेतात. माझा अभिप्राय जूनच्या आत हवा होता.

अभिप्राय लिहिताना मी थर आणि तुकडी शेजारी शेजारी मांडून पाहिले. तिथे क्रम पुन:पुन्हा तपासला जातो. इथे जूनमध्ये बसलेला शिक्का मार्चपर्यंत पुसत नाही, आणि मनावरचा तर जन्मभर नाही. तिथे वरचे दार उघडे असते. इथे ते लावून घेतात. तिथल्या प्रत्येक थराला आपल्या स्पर्धा असतात, आपले विजेते असतात, त्या थराचा अभ्यास करणारे जाणकार असतात. इथे 'क'च्या वाट्याला रिकामा तास आणि बदली शिक्षक. तिथे दुबळ्याला अंगण मिळावे म्हणून क्रम लावतात, आणि इथे त्याला नजरेआड करता यावे म्हणून.

शिवाय एक मोठा फरक उरतोच. त्या प्राण्यांचे सहाही आकडे उघड आहेत, कोणालाही वाचता येतात. तरी तीस वर्षे खेळून जाणत्यांना त्यांचा कायमचा क्रम लावता आलेला नाही. मग ज्या मुलांचे आकडे त्यांच्या आईबापांना, मास्तरांना आणि त्यांना स्वतःलाही ठाऊक नाहीत, त्यांचा क्रम आपण एका वार्षिक परीक्षेच्या बेरजेवर कसा लावणार?

अभिप्रायात पोकेमॉनचे नाव मी अर्थातच घातले नाही. कार्यकारिणीतल्या वडीलधाऱ्यांपुढे शेडिंजाचा दाखला चालला नसता. तुकड्या मिसळूनच असाव्यात. मागे पडणाऱ्यांसाठी गणित व इंग्रजीचा रोज एक जादा तास असावा, तो शाळेतल्या सर्वांत अनुभवी शिक्षकांनी घ्यावा, आणि त्या तासातून बाहेर पडण्याची संधी दर दोन महिन्यांनी मिळावी, एवढे लिहिले. सूचना एका वर्षासाठी मान्य झाली आहे. निकाल काय लागेल ते मार्चनंतर कळेल. तो कमी आला तर पुढच्या बैठकीत उत्तर मलाच द्यावे लागणार, हेही मी जाणून आहे.

बहिणीला निरोप देताना स्टॅंडवर तिने पुन्हा विचारलेच, "दादा, ह्याचं काही होईल ना रे?"

मी म्हटले, "अगं, तीन आठवड्यांत त्याने मला इतके शिकवले. शिकवता येते तो 'क' कसला?"

भाच्याने तिकडे लक्षच दिले नाही. खिडकीची जागा पकडून तो केव्हाच पुढच्या लढाईला लागला होता.