जुनी गाडी, बसलेले चाक आणि आपण

पुण्याला पूर्वी सायकलींचे शहर म्हणत. आज ते दुचाकींचे शहर झाले आहे. पण आपल्या वस्त्यांत, मग ती येरवड्याची असो, दापोडीची असो, बोपोडीची असो की ताडीवाला रोडची, जुन्या गाड्या अजूनही दाराशी उभ्या दिसतात. कोणाच्या वडिलांची सीडी हंड्रेड, कोणाच्या मामांची राजदूत, कोणाची वीस वर्षे चाललेली स्प्लेंडर. वडील निवृत्त झाले, गाडी मात्र झाली नाही. नवी घ्यायची तर हप्ता आला, आणि हप्ता भरायचा तर मुलांच्या क्लासची फी मागे पडते. म्हणून आम्ही जुनीच गाडी पुसतो, चेनला तेल देतो आणि कामाला काढतो. या जुन्या गाडीचे ठरलेले दुखणे एकच. सकाळी घाईने बाहेर यावे, तर चाक बसलेले!

ज्यांच्या घरी चारचाकी आहे, त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण पाळीवर जाणाऱ्याला विचारा. गेटवर वेळ चुकली की अर्धा दिवस कापला जातो. नाक्यावर उभा राहणारा गवंडी उशिरा पोहोचला तर त्याचा सबंध दिवसच जातो. चार घरची कामे करणाऱ्या बाईला सोडून मग स्वतःच्या कामावर जाणारा नवरा असेल, तर एका खिळ्याने दोघांची मजुरी बुडते. म्हणूनच या पानावर चाकासारखा विषय घेतला आहे. हा घराच्या पोटाचा विषय आहे.

आपल्यातलेही काही जण अजून गाडीच्या हँडलला लिंबू-मिरची बांधतात, हे पाहून वाईट वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, तो डोळे उघडे ठेवून जगण्यासाठी. भगवान बुद्धांनी दुःख सांगितले, आणि तेवढ्यावर न थांबता दुःखाचे कारणही शोधायला शिकवले. मग चाक बसले तर नजर लागली म्हणून कसे चालेल? कारण शोधले पाहिजे. आणि चाकाचे कारण शोधणे फार अवघड नाही.

जुन्या मोटारसायकलींची चाके तारांची, म्हणजे स्पोकची असतात. स्पोकच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब घालावीच लागते. ट्यूबची हवा जाते ती बहुधा चार-पाच कारणांनी. पहिले कारण खिळा किंवा काच, ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे, हवा कमी असताना गाडी खड्ड्यात आदळणे. तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. तिसरे, रिमवरची रबरी पट्टी कुजते आणि स्पोकचे टोक आतून ट्यूबला घासत राहते. अशा वेळी भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिमकडे सापडते. चौथे, हवा कमी राहिली की ब्रेक मारताना टायर रिमवर सरकते आणि व्हॉल्व्हची मान फाटते. व्हॉल्व्ह तिरका दिसू लागला की समजावे, इशारा मिळाला. पाचवे कारण सगळ्यांत स्वस्त. व्हॉल्व्हची पिनच गळत असते. तोंडावर थुंकीचा थेंब लावून पाहावा. बुडबुडा आला तर पिन घट्ट करावी किंवा बदलावी, काम संपले.

म्हणून सांगतो, भोक कुठे आहे हे पाहिल्याशिवाय ठिगळ लावू नये. खिळा टायरमध्ये तसाच राहिला, किंवा कुजलेली पट्टी तशीच राहिली, तर नवे ठिगळ संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही. टायरच्या आतून हात फिरवावा, पण चिंधी धरून, नाहीतर तोच खिळा बोटात जाईल.

काम कसे करावे, तेही थोडक्यात सांगतो. गाडी मेन स्टँडवर घ्यावी. साध्या पंक्चरसाठी दर वेळी चाक काढावे लागत नाही. पिन काढून उरलेली हवा सोडावी, टायर पायाने दाबून रिमपासून सुटे करावे आणि चपट्या पट्ट्यांनी एकच बाजू उचकटावी. सुरुवात व्हॉल्व्हजवळून करावी. ट्यूब बाहेर ओढून हवा भरावी, घमेल्यात पाणी घेऊन तीत बुडवावी. बुडबुडे येतील तिथे खूण करावी. ट्यूब कोरडी करून पॉलिश पेपरने घासावी, सोल्युशन पातळ लावावे आणि ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. येथेच बहुतेकांची घाई होते. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच सुटतो. ट्यूब परत घालताना तिच्यात थोडी हवा असू द्यावी, म्हणजे ती पिळवटत नाही. टायर बसवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करावी आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली की शेवटची वीतभर कड फार जोर न लावता चढते. कडेला साबणाचे पाणी लावावे. जोर करून पट्टी खुपसली की नवी ट्यूबही तिथेच चिमटून फुटते.

चालत्या गाडीचे चाक बसले तर घाबरून ब्रेक दाबू नये. हँडल घट्ट धरावे, एक्सलेटर सोडावा, ब्रेक लावायचाच तर चांगल्या चाकाचा लावावा, तोही हळू. पुढचे चाक बसले असेल तर मागचा, मागचे बसले असेल तर पुढचा. आणि बसलेल्या चाकावर गाडी रेटू नये. वाचवायला गेलेल्या दहा मिनिटांत ट्यूबच्या चिंध्या होतात.

आठवड्यातून एकदा हवा पाहिली तर यातली निम्मी दुखणी होतच नाहीत. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण पुढे २५ आणि मागे २८ पौंड हवा चालते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्त लागते. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, तेही वाचायला शिकावे. २३१९ असे असेल तर ते टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाले. जुन्या टायरला नुसते काळे पॉलिश करून कोणी नवे म्हणून विकू लागला, तर हेच चार आकडे आपले साक्षीदार. नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात वस्तू घेताना ते जरूर पाहावेत.

स्कूटरवाल्यांना एक सोय होती, स्टेपनीची. हा शब्द आपण मराठीच समजतो, पण तो आला वेल्समधून. लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली, तिथून तो जगभर गेला. हवेचे टायरही असेच घरगुती गरजेतून पुढे आले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते केले. मोटारसायकलला मात्र स्टेपनी नाही. तिची स्टेपनी म्हणजे आपले दोन हात.

आमच्या घरातली धाकटी मुलगी भोसरीला कामाला आहे. आजोबांची सीडी हंड्रेड तीच चालवते. आम्ही तिला गाडी शिकवली, तेव्हा तिच्या आजीने एक अट घातली, "पंक्चर काढता आल्याशिवाय गाडी हातात द्यायची नाही." चार रविवार ती अंगणात घमेले घेऊन बसली. शेजारचे हसत, "काय ताई, दुकान टाकणार का?" मागल्या पावसाळ्यात दुसरी पाळी सुटल्यावर दापोडीच्या हॅरिस पुलाच्या अलीकडे मागचे चाक बसले. रात्रीचे साडेअकरा. दुकाने बंद. तिने फोन केला, पण तो मदतीसाठी नव्हता. "जेवून घ्या, मला पाऊण तास लागेल," एवढेच म्हणाली. एका रिक्षावाल्या दादांनी दिव्याचा उजेड धरला. ती घरी आली तेव्हा हात काळे आणि चेहरा फुललेला. आजीने तिला आधी पाणी दिले, मग म्हणाली, "आता मी निश्चिंत झाले." मुलींना शिकवा असे आपण म्हणतो, त्यात पाना धरणेही आले.

आणखी एक गोष्ट मनात आहे. आपल्या शहरात रस्त्याकडेला टायर लटकवून, कॉम्प्रेसर लावून बसलेले भाऊ बरेचदा केरळातून, उत्तर भारतातून आलेले असतात. उन्हात, धुळीत, रात्री-अपरात्री ते आपली गाडी चालू करून देतात. "पंक्चरवाला" हा शब्द अलीकडे काही लोक शिवीसारखा वापरतात. आपल्या घरात तो तसा वापरला जाऊ नये. कामावरून माणसाला हलके ठरवण्याचा त्रास आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या सोसला. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच जगाला दाखवून दिले. तेव्हा त्या भावाला अहो-जाहो करावे आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

आमच्या विहाराच्या कपाटात ग्रंथांच्या खालच्या कप्प्यात आता एक पत्र्याची पेटी आहे. पायाचा पंप, दोन पट्ट्या, पाने, पॅच, सोल्युशन आणि एक वही. ज्याने नेले त्याने वहीत नाव लिहायचे आणि संपलेली वस्तू परत आणून ठेवायची. वर्गणी घरटी थोडीच निघाली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदनेनंतर तासभर पोरापोरींना शिकवणे चालते.

१ जानेवारीला पुण्यातून भीमा कोरेगावला सुमारे तीस किलोमीटर लोक येतात-जातात. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेब तेथील विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेले होते. आज हजारो जुन्या गाड्या नगर रस्त्याने त्या वाटेने जातात, मागे म्हातारी आई, पुढे लेकरू. कोणी पाणी देते, कोणी जेवण देते. त्यांच्या शेजारी एक पंप आणि एक घमेले घेऊन चार तरुण बसले, तर तेही दानच आहे. आमच्या वस्तीची पोरे या वर्षी बसणार आहेत. आपल्याही वस्तीत असे जमते का, पाहा.

जयभीम!