नागीण, आजी आणि रात्रभर वाजणारा सायरन

"नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला!" हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळाच. गेल्या दिवाळीत आमच्या आजीच्या (वय ७८) कमरेवर एका बाजूला पुरळ उठलं, आणि घरात सोनकाव की डॉक्टर यावर परिषद भरली. आईने ठणकावलं म्हणून तिसऱ्या दिवशी औषध सुरू झालं. ७२ तासांच्या आत ते सुरू झालेलं बरं असतं.

मग काय, शनिवार-रविवार वाचत बसलो. लहानपणीच्या कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा व्हायरस जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो गपचूप पडून राहतो. नागीण म्हणजे तोच व्हायरस पुन्हा जागा होणं, ही कल्पना एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरने १९६५ साली मांडली.

इतकी वर्षं त्याला डांबून कोण ठेवतं? टी-पेशी. त्या तयार करणारी छातीतली थायमस ग्रंथी मात्र तरुणपणापासूनच आक्रसत जाते. नवी भरती कमी, जुने पहारेकरी दमलेले. मग व्हायरस एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळतो, म्हणून नागीण सहसा मधली रेघ ओलांडत नाही. तोंड-शेपूट जुळणार कसं, सांगा!

गंमत म्हणजे वय वाढतं तशी प्रतिकारशक्ती नुसती थंडावत नाही, तिची आतल्या आत धुसफूसही वाढते. कारण नसताना सौम्य दाह चालूच. क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली याला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. म्हणजे वॉचमन चोराला पकडत नाही, पण सायरन मात्र रात्रभर वाजवतो.

आजीचं पुरळ गेलं, दुखणं राहिलं. मज्जातंतूंना इजा झाली की असं होतं, आणि वय जितकं जास्त तितका धोका जास्त. साडीच्या निऱ्या खोचतानाही ती कळवळते. आता गाऊन घालते, आणि तेच तिला जास्त लागतं.

पन्नाशीपुढच्यांसाठी यावर लस आहे, भारतात २०२३ पासून. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिने नागिणीचं प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांनी घटवलं होतं. स्वस्त नाही, मान्य. बाबा म्हणाले, "एवढ्या पैशात घराला रंग होईल." आमची बोलणी चालू आहेत.

तुमच्याही आईबाबांची पन्नाशी उलटली असेल ना? मग पुढच्या फोनवर "जेवलात का?" झालं, की हाही विषय काढा. डॉक्टरांना विचारायला तर पैसे पडत नाहीत... बरं, पडतात, पण कमी!