बांधावरचा बाण

डायव्हर्जन्स थिअरमच्या दिवशी मी फळ्यावर इंटिग्रलचं चिन्ह आधी काढत नाही. आधी भाताची खाचरं काढते, त्यांच्याभोवती बांध, आणि बांधावर बाहेर तोंड केलेले बाण. सेकंड इयरची मुलं वहीतून मान वर करतात. त्यांतली निम्मी तरी खारेपाटातली, म्हणजे अलिबाग-पेणकडच्या खारजमिनीच्या गावांतली असतात.

मी शिकत होते तेव्हा हे चित्र मला कुणी दाखवलं नव्हतं. आम्ही तिहेरी इंटिग्रल सोडवायचो, मर्यादा बरोबर लावायचो, सिद्धता पाठ लिहून पूर्ण गुण मिळवायचो. तरी उत्तराचं चिन्ह चुकायचं. ‘नॉर्मल’, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनातला बाण, ‘बाहेरचा घ्यावा’ एवढं वहीत लिहिलेलं होतं. बाहेर म्हणजे नेमकं कुठे, असं विचारायचं मला सुचलं नाही. आणि मी तर अशा गावात वाढले होते, जिथे आत आणि बाहेर यांवर वर्षाचं भात अवलंबून असतं.

अलिबाग-पेणकडची खारजमीन उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जाईल अशा पातळीची. समुद्राकडचा बांध आहे म्हणून ती शेती. बांधात उघाडी असते. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तशी तिची झडप बंद होते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून निघून जातं. अमावास्या-पौर्णिमेला माणसं बांधावर फेरी मारतात. खेकड्याच्या बिळातून झिरपायला लागलं तरी तिथे खांड पडू शकते, आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की ते मीठ पावसानं धुऊन जायला काही वर्षं लागतात. माझे वडील भर पावसात बांधावरून चालत यायचे आणि शेतात न उतरता आतल्या पाण्याचा अंदाज सांगायचे. त्यांनी फक्त कडेनं काय गेलं आणि काय आलं एवढंच पाहिलेलं असायचं.

डायव्हर्जन्सचं प्रमेय हेच सांगतं, आणि त्याची सिद्धताही त्याच खाचरांत आहे. शेजारशेजारची दोन खाचरं घ्या. मधल्या बांधावरून पहिल्यातून जे पाणी बाहेर गेलं, तेच दुसऱ्याच्या आत आलं. एकाचा बाण उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे, बेरीज शून्य. अशी शंभर खाचरं जोडली तरी मधले सगळे बांध हिशेबातून गळतात आणि उरतो फक्त सगळ्यांना वेढणारा बाहेरचा बांध. पाण्याची पातळी स्थिर असेल, तर प्रत्येक खाचरात पडलेल्या पावसाची बेरीज आणि त्या बाहेरच्या बांधातून गेलेलं पाणी सारखंच भरतं. खाचरं लहान लहान करत नेली की पावसाची ती बेरीज इंटिग्रल होते. पुस्तकातली दोन पानांची सिद्धता याहून वेगळं काही करत नाही, काटेकोरपणा मात्र तिच्याकडूनच शिकावा लागतो.

याच विषयातला कर्ल, म्हणजे प्रवाहात जागच्या जागी होणारं फिरणं, समजायला अवघड, कारण मुलं भोवरा शोधतात. रेवदंड्याच्या खाडीत पाणी सरळ वाहत असतानाही काठाशी त्याचा वेग कमी आणि मध्याकडे जास्त असतो. काठाजवळ पेंढ्याची काडी आडवी टाका, ती वाहता वाहता वळते. भोवरा कुठेच नाही, पण कर्ल आहे.

आमच्या भागात या गणिताचं मोठं घर आहे ते अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी होत होती. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे, पुढे टिळकांचे गणिताचे गुरू, तरुणपणी तिथेच कामाला होते. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहांचा त्रास मोजणीला झाला असता, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ पासून इथे नोंदी आहेत. दोन ठिकाणांचं मोजमाप जुळावं म्हणून १९०४ ते १९०६ दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालवल्या. आपल्याकडचा काळा दगड स्वतःच चुंबकीय, म्हणून बांधकामाला पोरबंदरचा दगड आणला. चुंबकीय क्षेत्राचा आडव्या दिशेचा घटक इथे सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला भरतो. १८५९च्या सप्टेंबरातल्या सौरवादळात तो कुलाब्याला सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता.

ज्या गाउसचं नाव डायव्हर्जन्सच्या प्रमेयाला आहे, त्यानंच १८३९ मध्ये जगभरच्या अशा मोजण्या एकत्र करून दाखवलं की पृथ्वीचं चुंबकत्व मुख्यतः तिच्या आतून येतं. पृष्ठभागावर घेतलेल्या नोंदी, आणि त्यावरून पृथ्वीच्या पोटातला निष्कर्ष! खाचरांचं चित्र पुसण्याआधी मी मुलांना हे सांगते, आणि मग विचारते: कोणताही बंद पृष्ठभाग घ्या, चुंबकीय क्षेत्र त्यातून बाहेर किती जातं? जेवढं आत येतं तेवढंच. चुंबकाचं एकटं टोक आजवर कुणाला मिळालेलं नाही. इथे आत पाऊस पडतच नाही.

हा प्रश्न कळला की मुलं बाण चुकवत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ज्यांना सूत्र पाठ आहे पण बाण काढता येत नाही, त्यांना मी पुढचं गणित देत नाही, वेळ गेला तरी चालतो.

हा विषय शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सूत्र लिहिण्याआधी फळ्यावर एक बांध काढा, खडू विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि बाहेर जाणारा बाण त्यालाच काढायला सांगा.