भाऊबिजेचा बेत

आमच्या घरी प्रवासाचे नाव निघाले, की पहिला विषय निघतो तो शेंगाच्या चटणीचा. कोठे जायचे, केव्हा जायचे, कोणत्या गाडीने जायचे, हे सारे मागाहून. चटणी कुटून झाली आणि कडक भाकऱ्या फडक्यात बांधून झाल्या, की सोलापूरकराच्या मते निम्मा प्रवास झालाच! यंदा मात्र चटणी झाली, भाकऱ्यांचा हिशेब झाला, तरी आमचा बेत काही केल्या पुरा होईना.

सुरुवात झाली ती एका छायाचित्राने. माझा मेहुणा नोकरीनिमित्त अमेरिकेत शिकागोला असतो. उन्हाळ्यात तो बायकामुलांसह मोटारीने मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या टेकड्या पाहायला गेला होता. समुद्रासारखे अफाट, पण गोडे पाणी, आणि त्याच्या कडेला थेट साडेचारशे फूट उंचीचे वाळूचे कडे! 1970 पासून तो सारा किनारा तिकडच्या सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून राखला आहे. जागेचे नावही गमतीचे, ‘स्लीपिंग बेअर’, म्हणजे निजलेले अस्वल. छायाचित्र पाहून आमची दोन्ही मुले एकसुराने म्हणाली, “बाबा, आपण कुठं जायचं?”

आता शिक्षकाच्या पगारात मिशिगन कोठून आणावे? मी म्हटले, “हिप्परग्याच्या तलावावर जाऊ.” यावर मुलांनी तोंडे वाकडी केली. तलाव चांगला 1871 सालचा, इंग्रजी अमदानीतला. पण घराजवळचा, म्हणून त्याला किंमत नाही. अखेर उजनी ठरली. सहकाऱ्याची जुनी मोटार मिळण्यासारखी होती. मी पडलो चित्रकलेचा मास्तर! रस्ता कागदावर काढल्याखेरीज मला प्रवास सुचत नाही. मोहोळ, टेंभुर्णी, भीमानगरचे धरण, इंदापूर, पळसदेव आणि भिगवण अशी गावे एका रेषेवर मांडली, आणि धरणामागे निळ्या रंगाने पाणी भरू लागलो.

आई शेजारी दिवाळीच्या वाती वळत बसली होती. कागदाकडे न पाहताच ती म्हणाली, “त्या निळ्यात माझं गाव हाय. ध्यानात हाय न्हवं?”

माझ्या हातातला ब्रश तिथेच थांबला.

उजनीच्या धरणाचे काम 1966 मध्ये सुरू झाले आणि 1980 मध्ये पुरे झाले. आई लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा तिचे माहेर भीमेच्या काठी जागच्या जागी होते. 1981 मध्ये मी, शेंडेफळ, जन्मलो, तेव्हा ते पाण्याखाली गेलेले होते. त्या नावाचे नवे गावठाण वर माळावर वसले आहे, तिथे चुलतभावंडे नांदत आहेत, पण आई म्हणते, “ते त्यांचं गाव.” शाळेत ‘माझे आजोळ’ या विषयावर निबंध लिहायचा होता, तेव्हा मी आमराई, मोट, बैलांची जोडी असे सारे मनाने रचून लिहिले होते. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. खरे पाहता माझी पहिली कादंबरी तीच! आईने ती वही वाचून घेतली आणि एक शब्दही बोलली नाही.

त्या दिवशी मात्र विषय बदलावा म्हणून मी मुलांना निजलेल्या अस्वलाची गोष्ट सांगितली. तिकडच्या ओजिब्वे लोकांत ती पूर्वापार सांगतात. सरोवरापलीकडच्या रानाला वणवा लागला, म्हणून अस्वलाची मादी आपल्या दोन पिल्लांसह पाण्यात शिरली. आई पोहत काठाला लागली, पिल्ले मागे राहिली आणि बुडाली. आई काठावर पाण्याकडे तोंड करून वाट पाहत बसली, ती बसलीच. वाळूने तिला झाकून टाकले, तीच ही टेकडी. पिल्लांची पाण्यात दोन बेटे झाली.

“बेटं म्हंजी?” आईने विचारले.

“पाण्यातून वर आलेली जमीन.”

“म्हंजी दिसत्यात तरी,” ती म्हणाली आणि पुन्हा वाती वळू लागली.

ते तीन शब्द मला रात्रभर पुरले. सकाळी मी ठरवले, की जायचे ते आईचे गाव दिसेल अशा वेळी. आणि खरी अडचण इथेच उभी राहिली. मुलांना पाहायचे होते रोहित पक्षी, आपण ज्यांना अग्निपंख म्हणतो ते. पाणी ओसरून उथळ झाले, की हिवाळ्यात ते भिगवणच्या बाजूला चिखलात चोच उलटी घालून चरताना दिसतात. कुंभारगावाहून नावेत बसून त्यांना पाहता येते. म्हणजे मुलांचा मुहूर्त माघाचा. पण गाव दिसायचे तर पाणी त्याहूनही खाली जायला हवे. पळसदेवचे जुने देऊळ एरवी पाण्यात असते. 2024 च्या उन्हाळ्यात ते उघडे पडले, तेव्हा लोक कोरड्या भेगाळ मातीतून चालत दर्शनाला गेले. म्हणजे आईचा मुहूर्त वैशाखाचा, आणि तोही दुष्काळी वर्षाचा.

बाहेरगावच्या वाचकांना एक गंमत सांगायला हवी. आमच्याकडे वर्तमानपत्रांत उजनीचे पाणी टक्क्यांत छापून येते, आणि उन्हाळ्यात ते शून्याच्याही खाली जाते! धरणात मावते सुमारे 117 टीएमसी पाणी. त्यांपैकी सुमारे 63 टीएमसी हिशेबात धरायचे नाही, त्याला ‘मृत साठा’ म्हणतात. त्याला हात लागला, की आकडा ‘उणे’ होतो. 2024 मध्ये तो उणे साठाच्या आसपास पोहोचला होता. सोलापूरच्या नळांना येते ते पाणी मुख्यतः याच धरणाचे. आमच्या गल्लीत तेव्हा पाणी किती दिवसांआड येत होते, ते घागरी मोजणाऱ्या बायकांना विचारावे!

हा सारा हिशेब मी आईला समजावून सांगितला. म्हटले, “पुढंमागं असा उन्हाळा आला, की तुला गाव दाखवतो.”

आईने वातींचे ताट बाजूला सारले. “म्हंजी गाव दिसावं म्हणून मी पाणी आटू दे म्हणू व्हय? साऱ्या सोलापुराच्या घागरी रित्या करून मला माझा उंबरा बघायचाय?” जरा थांबून ती म्हणाली, “अरं, चाळीस वर्सं तेच पाणी पितेय की मी. पयल्यांदा पयल्यांदा घशाखाली उतरायचं नाही. मग तू लहान होतास, तुला पाजलं.”

मी गप्प राहिलो. या बाईने कधी तक्रार केली नाही, म्हणून तिला काही वाटत नसेल असे मी आजवर खुशाल धरून चाललो होतो. लिहिणारा माणूस म्हणवतो मी!

अखेर कोंडी फोडली ती माझ्या पत्नीने. आईला सख्खा भाऊ नाही. दर भाऊबिजेला ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. पत्नी म्हणाली, “आत्या, भाऊबिजेला माहेरी जातात. पाणी असू दे की भरलेलं. काठावर जाऊ.”

आई काही वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, “चटणी जरा जास्त घे. माहेरी मोकळ्या हातानं जाऊ नये.”

तेव्हा बेत ठरला आहे तो असा. भाऊबिजेला पहाटे पाचला निघायचे. मोहोळच्या पुढे चहा. पळसदेवच्या बाजूला पाणी दिसेल तिथे थांबायचे. अग्निपंख या दिवसांत बहुधा दिसणार नाहीत. मुलांची समजूत घातली आहे, त्यांच्यासाठी माघात पुन्हा निघू. अंधारायच्या आत परत, म्हणजे चंद्राचेही ओवाळणे चुकणार नाही.

नकाशा मात्र अजून पुरा झालेला नाही. काल रात्री आई माझ्याजवळ येऊन बसली आणि निळ्या रंगावर बोट ठेवून सांगू लागली, “हितं वेस. हितं मारुती. त्याच्या डाव्या अंगाला आड. तिथनं तिसरं घर आमचं.” मी पेन्सिलीने काढत गेलो. आमराई कोठे होती म्हणून विचारले, तर ती हसली. म्हणाली, “आमराई नव्हती रं. ती तू निबंधात लिवलीस.”