बॉनेटखालचे बटण



आज विषय जरा वेगळा आहे. उभी हयात मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलेल्या माणसाने यंत्रांवर लिहावे, हे तसे धाडसच! पण आमच्या कुटुंबात सध्या दोन रिमोट स्टार्टर आहेत. एक कॅनडात, मोठ्या पुतण्याच्या पिकअप ट्रकमध्ये. दुसरा इथे बार्शीटाकळीला, महानच्या रस्त्यावरच्या आमच्या वावरात, विहिरीवरच्या मोटरला. दोन्ही बाहेरून विकत घेऊन बसवलेले, आणि दोन्ही उत्तम चालतात. त्या दोघांतला एक फरक मात्र बरेच दिवस डोक्यात घोळतो आहे. नातेवाईक मंडळी हे पान वाचतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या विहिरीवर हे यंत्र आहे, म्हणून लिहून टाकतो.

आधी थोडा इतिहास (सवय जात नाही!). यंत्र सुरू करणारा माणूस हळूहळू यंत्रापासून लांब जात गेला आहे. मी लहान असताना आमच्या विहिरीवरची मोट गेली आणि डिझेल इंजिन आले. ते हँडल मारून सुरू करावे लागे. कधी कधी इंजिन उलटा झटका देई आणि मनगटाचे काम तमाम होई. म्हणून हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे वडील सगळ्यात आधी शिकवत. मोटारींचेही पूर्वी असेच होते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीत आला, आणि माणूस गाडीच्या समोरून उठून सीटवर जाऊन बसला. रिमोट आल्यावर तो सीटवरूनही उठला. आता तो स्वयंपाकघरात असतो, नाहीतर दुसऱ्या गावात.

हँडल मारणाऱ्याला इंजिनाजवळ कोण उभे आहे, हे आपोआप दिसायचे. सीटवर बसलेल्याला निदान समोरचे दिसते. घरात बसलेल्याला काहीच दिसत नाही. मग जवळ कोणी आहे का, हे पाहायचे काम कोणाचे? माझा सगळा विचार या एका प्रश्नापाशी अडकला आहे.

मोठा पुतण्या एडमंटनला असतो. तिथे हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. रात्री गाडीला विजेची वायर जोडून इंजिन ऊबदार ठेवतात. सकाळी निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवले की काचेवरचा बर्फ सुटतो आणि स्टिअरिंग हातात धरवते. त्याचा ट्रक जुना, मूळचा रिमोट नसलेला. मग बाजारातला बसवून घ्यायचे ठरले. त्याला वाटले होते तासाभराचे काम असेल, पण दुकानात अर्धा दिवस गेला. त्या रात्री फोनवर त्याने मला सगळे समजावून सांगितले. मी वहीत लिहून घेतले.

रिमोटचा डबा म्हणजे किल्लीचे सोंग घेणारा बहुरूपी. किल्ली फिरवल्यावर ज्या तारांतून वीज जाते, त्याच तारांना तो जोडतात. बटण दाबले की तो आधी इग्निशन चालू करतो, मग क्षणभर स्टार्टर फिरवतो. पण नुसत्या सोंगाने भागत नाही. हल्लीच्या किल्लीत एक बारीक चिप असते. ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. चोरीला आळा बसावा म्हणून कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची आहे. म्हणून त्या चिपची ओळख पटवणारा आणखी एक छोटा डबा जोडावा लागतो.

इथपर्यंत झाले सुरू करण्याचे. पुढचे ऐकून मी सरसावून बसलो. एक वायर ब्रेकला जाते. किल्ली न लावता कोणी आत बसून ब्रेक दाबला की इंजिन बंद. एक वायर गिअर ‘पार्क’मध्ये आहे ना, ते पाहते. एक इंजिनाचे फेरे मोजते, म्हणजे सुरू झालेल्या इंजिनाला स्टार्टर पुन्हा घासत नाही. ठराविक मिनिटे झाली की गाडी आपोआप बंद होते. आणि एक साधे बटण बॉनेटच्या कडेला बसवतात. बॉनेट उघडले की ते वर येते, आणि मग रिमोट कितीही दाबा, इंजिन ढिम्म!

"मोठे बाबा," तो म्हणाला, "चालू कराले तीन-चारच वायरी लागतात. बाकीच्या साऱ्या चालू होऊ नये म्हणून!"

ते बॉनेटचे बटण माझ्या मनात बसले. समजा, हा बॉनेट उघडून पट्ट्याजवळ हात घालून उभा आहे, आणि सूनबाईने आतून रिमोट दाबला. तिला हा दिसत नाही. याला ती दिसत नाही. त्या क्षणी ते बटण याच्या वतीने सांगते, ‘थांबा, इथे माणूस आहे.’ (दुकानदाराने आणखी एक बजावले: बंद गॅरेजमध्ये गाडी अशी सुरू करायची नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो घरात शिरला तर झोपलेली माणसे उठत नाहीत.)

आता बार्शीटाकळीकडे या.

आपल्याकडे थंडीपायी कोणाला रिमोट लागत नाही. आपल्याला तो लागतो रात्रीच्या लाइनीपायी. शेतीच्या थ्री फेजला कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे ते नेमके हिवाळ्यात. माझा धाकटा भाऊ साठी उलटल्यावरही रात्री दोनला घोंगडी पांघरून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन निघायचा. धुऱ्यावर रानडुकरे, पायाखाली मण्यार नाहीतर घोणस. आमच्या वहिनी तो परत येईपर्यंत जाग्याच असत. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि काही गावांना तसा लाभ मिळूही लागला. तोवर ज्याची पाळी रात्रीची, त्याला जाणे भाग.

म्हणून अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले प्रदर्शन पाहून आल्यावर धाकट्या पुतण्याने मोबाईल स्टार्टरचा ध्यास घेतला. ही कल्पना महाराष्ट्रात तशी जुनी आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाने असे यंत्र तयार केले. त्यांच्या आजोबांना रात्री-अपरात्री पंपासाठी शेतात जावे लागे, आणि ते त्यांनी लहानपणी पाहिले होते. म्हणजे तिथेही मूळ कारण एका म्हाताऱ्याची पायपीटच.

आमचे यंत्र दुसरे, पण तत्त्व तेच. स्टार्टरच्या पेटीशेजारी एक डबा, त्यात मोबाईलचे सिम. लाइन आली की फोनवर कळते. आपण फोन लावायचा आणि आकडा दाबायचा, की डबा हिरव्या बटणाचे काम करतो. दुसरा आकडा म्हणजे लाल बटण. एखादा फेज गेला की मोटर फिरत नाही, नुसती घुमते आणि जळते. पूर्वी भाऊ ते घुमणे कानाने ओळखून लाल बटण दाबायचा. आता डबा तिन्ही फेज आहेत का ते आधी तपासतो. विहिरीचे पाणी खाली गेले तर मोटर कोरडी फिरू देत नाही. म्हणजे भावाचा कान त्या डब्यात आला. छान झाले. वहिनी झोपू लागल्या, आणि माझ्या लेखी या यंत्राची किंमत तिथेच वसूल झाली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नुसता ऑटो स्विच लावला तर लाइन येताक्षणी एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. डीपी जळते आणि मग सगळ्यांचेच ओलीत राहते. महावितरण म्हणूनच ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा, असे सांगत असते. पूर्वी माणसे आपापल्या घरून, आपापल्या चालीने विहिरीवर पोचत. कोणी दोनला, कोणी सव्वादोनला. त्यांच्या उशिरामुळे डीपी वाचत होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.

आता मूळ मुद्दा. मागच्या हरभऱ्याच्या ओलिताला लाइन नव्हती म्हणून आमच्या सालदाराने दुपारी विहिरीवरची कामे काढली. मोटरच्या डब्यातली एक वायर सैल झाली होती, ती आवळली. मग कचरा अडकला म्हणून पाइपाचा जोड उघडून बसला. पुतण्या तूर घेऊन अकोल्याच्या बाजार समितीत गेलेला. तिथे त्याच्या फोनवर लाइन आल्याचे कळले. त्याने नेहमीप्रमाणे फोन लावला. मोटर सुरू झाली, पाणी भडाड्याने आले, पाइप उसळून सालदाराच्या नडगीवर बसला. चार दिवस लंगडला, एवढ्यावर निभावले. पण तीच लाइन वीस मिनिटे आधी आली असती, तर त्याचा हात मोटरच्या डब्यात होता.

यंत्र बिघडले नव्हते. त्याने सांगितल्याप्रमाणे काम केले. पुतण्यानेही रोजच्यासारखाच फोन केला. सालदार मला म्हणाला, "गुरुजी, पहिले मोटर चालू कराले मानूस येत होता, तो दिसत होता. आता कोन चालू करते, मले कसं समजन?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री एडमंटनचे बॉनेट आठवले. आमच्या डब्याला मोटरची काळजी घेणाऱ्या तीन-तीन सोयी आहेत: फेजची, कोरड्या विहिरीची, जास्त भाराची. शेजारी बसलेल्या माणसासाठी मात्र एकही नाही. त्याच्यासाठी बटण आपल्यालाच बसवावे लागणार.

दोन्ही पुतण्यांना एकाच फोनवर घेऊन आम्ही बसलो. मोठ्याने सांगितले की त्यांच्या साइटवर यंत्राला हात लावणारा माणूस आधी त्याचा स्विच पाडून त्यावर स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. दुसऱ्या कोणी ते उघडायचे नाही, साहेबानेही नाही. अमेरिकेत कारखान्यांसाठी १९८९ साली असा नियमच झाला. आम्ही तोच वऱ्हाडी पद्धतीने केला. विहिरीवर मोटरला, वायरीला किंवा पाइपाला हात लावायचा असेल, तर लाइन असो की नसो, आधी मेन स्विच खाली. मग तिन्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात. मग पेटीला कुलूप, किल्ली त्याच खिशात. खांबाकडून येणारी बाजू तरीही जिवंत असते, तिच्या वाटेला वायरमनशिवाय कोणी जायचे नाही. नुसते ‘फोन करून सांगतो’ यावर विसंबायचे नाही, कारण विहिरीजवळ रेंज असतेच असे नाही. पेटीच्या आत मी माझ्या फळ्यावरच्या अक्षरात पाटी लिहून लावली: ‘ज्याच्या खिशात फ्यूज, त्याच्या हुकमात मोटर.’ (इतक्या वर्षांनी पुन्हा सुविचार लिहायला मिळाला!)

पुतण्याला पहिल्यांदा ते जरा लागले. "मंग मी मालक कायचा?" असे पुटपुटला. सालदाराच्या खिशातल्या फ्यूजपुढे मालकाचा फोन चालणार नाही, हे पचायला दोन दिवस लागले. मग त्याने स्वतःच जाऊन चांगले कुलूप आणले.

आता त्याच्या मनात आपल्या मालवाहू पिकअपला रिमोट लावायचे आहे. भावाने चित्रफिती पाहून दिले आहेत! त्याला मी एवढेच विचारले, "तू गाडी उभी कशी करतो?" आपल्याकडची बहुतेक पिकअप हातगिअरची. हँडब्रेकवर भरवसा नाही म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून, चाकाला दगड लावून ठेवायची सवय. अशा गाडीचा स्टार्टर लांबून फिरवला तर ती उडी घेणार, आणि समोर अंगणात खेळणारे लेकरू असू शकते. तिकडे हातगिअरच्या गाडीसाठी वेगळी रीत आहे. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, इंजिन चालूच ठेवून किल्ली काढायची, उतरून दार लावायचे, मग इंजिन बंद होते. मधे कोणी दार उघडले की रिमोटची परवानगी रद्द. एवढी शिस्त रोज पाळणार असशील आणि बसवणारा ती प्रत्येक वायर जोडणार असेल, तर लाव, असे मी म्हटले. तो अजून विचार करतो आहे. मला त्यातच समाधान आहे.

असो. तुमच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर असेल, तर या रविवारी एक काम करा. तिथे राबणाऱ्या माणसाला विचारा, की लांबून कोणी मोटर सुरू केली तर ती थांबवून धरायला तुझ्या हातात काय आहे. तो काही दाखवू शकला नाही, तर परतताना एक कुलूप विकत घ्या. किल्ली त्याच्याजवळ द्या.