कपाळावरचा दिवा

त्या चरात मी पडलो तेव्हा माझ्या कपाळावर, खोक्यावरच्या दाव्यानुसार, दहा हजार ल्युमेनचा दिवा जळत होता. त्यामुळे अंधाराला दोष द्यायची सोय नव्हती.

पुण्याजवळचा दिवे घाट चढून माथ्यावर आलं आणि डांबरी सोडून आत वळलं, की सीताफळाच्या बागांच्या कडेनं मुरमाची वाट लागते. पावसाच्या पाण्यानं ती जागोजागी कापलेली आहे. चर वीतभर खोल होता. तो मला दिसलाही होता, पण मुरमावरचा जरासा मळका पट्टा म्हणून. पुढचं चाक त्यात बसलं आणि मी हँडलावरून पलीकडे गेलो. कोपर सोलवटलं, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. मागून भाची आली. सायकल आडवी टाकत म्हणाली, "मामा, एवढ्या उजेडात तुला हा दिसला नाही?"

पहाटे साडेचारला हडपसरहून निघायचं आणि आठच्या आत घरी परतायचं, हे आमचं डिसेंबरातलं वेळापत्रक. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे डोंगरातला बहुतेक वेळ अंधारातलाच.

दिवा घेताना मी फक्त ल्युमेनचा आकडा पाहिला होता. माझ्या पिढीची ही खोड असावी. वडिलांच्या सायकलला मागच्या टायरवर घासणारा डायनॅमो होता. चढावर पायडल जड झालं की दिवा लालसर व्हायचा आणि उतारावर पांढरा.  तरी तो दिवा लावायचाच, नाहीतर चौकातला हवालदार चाकातली हवा सोडायचा. मिणमिणत्या उजेडात लहानपण गेलेल्या माणसाला घुबडासारखे तीन डोळे असलेला आणि नऊशे रुपयांत मिळणारा दिवा दिसला, की तो आणखी काही विचारत नाही.

भाचीनं मला त्या चराशीच उभं केलं. तिच्या हँडलावर करंगळीएवढा, माझ्यापुढे अगदीच गरीब दिसणारा दिवा होता. तो काढून तिनं माझ्या हातात दिला. "डोळ्यांपाशी धर." धरला. चर गायब, पुन्हा तोच मळका पट्टा. "आता कमरेपाशी ने." नेला, आणि चराच्या अलीकडच्या काठाची काळीभोर सावली तळात उतरली. आजूबाजूच्या प्रत्येक खड्याला शेपूट फुटलं. दिवा डोळ्यांना चिकटून असला तरी सावल्या पडतातच, पण वस्तूच्या नेमक्या मागे, आपल्याला न दिसतील अशा. उजेड खालून आला की त्या बाहेर येतात. मी पैसे मोजले होते उजेडासाठी. वाट वाचायला लागते ती सावली.

माझा कपाळावरचा दिवा पुढे फार टिकलाही नाही. चार तास चालतो असं खोक्यावर होतं, चाळिसाव्या मिनिटाला त्यानं मान टाकली. बॅटरीची पिशवी घेऊन मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या कारागिरानं कव्हर टरकावलं, आत चार सेल निघाले. या जातीच्या सेलला १८६५० म्हणतात, कारण त्याचा व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. त्यावर ९९०० एमएएच असं छापलेलं. कारागीर हसला. एवढ्या आकाराच्या चांगल्या सेलमध्येसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. त्यानं छोट्या वजनकाट्यावर स्वतःकडचा एक चांगला सेल ठेवला : ४६ ग्रॅम. मग माझा : २९. "साहेब, छपाईला वजन नसतं," एवढं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसरा दिवा घेताना मी आकडे नीट वाचले. दुप्पट लांब दिसायचं तर झोताची तीव्रता चौपट लागते, म्हणून आठशेचे सोळाशे ल्युमेन केले तरी अंतर दुप्पट होत नाही. टॉर्चसाठी जे एफएल-१ प्रमाण वापरतात, त्यात उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ धरतात. त्या शेवटच्या तासात चप्पल शोधता येईल, घाट उतरता येणार नाही. शिवाय तापला की चांगला दिवा स्वतःहून मंद होतो. चालत्या सायकलवर वारा त्याला थंड ठेवतो, पण चहाच्या टपरीशी उभे राहिलात की तो खाली येतो. बिघडला समजून मी एकदा उगाच घाबरलो होतो.

हँडलासाठी शेवटी आठशे ल्युमेनचा, पसरट झोताचा, सेल बदलता येणारा दिवा घेतला. रंग निळसर पांढरा नको, किंचित पिवळट हवा, हा माझा हट्ट. निळसर उजेडात मुरूम आणि शेण यांतला फरक मला कळत नाही. घाटातल्या डांबरीवर मात्र हा पसरट झोत समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा असा नियमच आहे. आमच्याकडे तो नियम हातानं पाळायचा : ट्रक दिसला की दिवा खाली वाकवायचा.

कपाळावरचा दिवा मी तरीही सोडला नाही. नवा घेतला, लहान आणि अरुंद झोताचा. हँडल चाकाच्या दिशेला बघतं आणि वळणावर नजर चाकाच्या आधी पोचावी लागते, हे एक कारण. धुक्यात आणि पुढच्याच्या धुळीत तो बंदच ठेवावा लागतो, डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. दुसरं कारण सांगितलं की भाची हसते. प्राण्यांच्या डोळ्यांत शिरलेला उजेड आला त्याच वाटेनं परत फिरतो, म्हणून दिवा आपल्या डोळ्यांशी असेल तरच ते डोळे चमकताना दिसतात. गवतात दवासारखे बारीक हिरवट ठिपके दिसतात. जवळ जाऊन पाहिलं तर कोळी असतात.

परवा ती पुढे होती, कपाळ मोकळं, फक्त हँडलावरचा दिवा. वाटेच्या मधोमध तिला दगड दिसला, सावलीसकट. तिनं शिस्तीत वळसा घातला आणि पुढे गेली. माझ्या झोतात त्याच जागी दोन निखारे पेटले. मी ब्रेक दाबला. रातवा होता, मुरमाला पोट टेकून बसलेला, पंखांवर वाळक्या पाचोळ्याची नक्षी. कपाळावरचा दिवा मी विझवला. आता मलाही दगडच दिसत होता. क्षणभरानं दगड आवाज न करता उडाला.

"मामा, पंक्चर का?" पुढून हाक आली.