'अपघात' हा शब्द

सायकलींची चळवळ कशी चालवावी, हा विषय साहित्याच्या अभ्यासकांना आपल्या अंगणाबाहेरचा वाटेल. परंतु अशा चळवळी कधी ना कधी मराठी शिकवणाऱ्यांच्या दारी येतात आणि म्हणतात, "तेवढे निवेदन लिहून द्या." पुण्यातल्या सायकलस्वारांच्या एका लहानशा गटाने ते काम आमच्याकडे दिले आणि आम्ही पहिल्याच वाक्यात 'अपघात' या शब्दापाशी अडलो.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली. त्यांत ४००हून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी त्यांपैकीच एक. १९७२ साली 'डे टाइड'मध्ये त्याने लिहिलेल्या लेखाचा मथळा होता 'स्टॉप डे किंडरमोर्ड', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. पुढे एका चळवळीने तेच नाव घेतले. या नावात सायकल नाही, पर्यावरण नाही, आरोग्याचा उपदेश तर नाहीच. 'मूल दगावले' हे वाक्य मारणाऱ्यावाचून निर्वेध उभे राहते. 'हत्या' म्हटले की ती कोणी केली, हे विचारणे भाग पडते. मग चालकाबरोबर रस्ता आखणारा आणि त्याला मंजुरी देणारा हेही वाक्यात येतात. (आपल्या 'अपघाता'तही 'घात' आहेच, 'विश्वासघाता'त तो करणारा दिसतो, इथे मात्र दिसेनासा झाला आहे.)

या मंडळींना विनोदाचेही वावडे नव्हते. 'एएनडब्ल्यूबी' ही १८८३ची जुनी सायकलस्वारांची संस्था कालांतराने मोटारवाल्यांची झाली होती. १९७५ साली नव्या संघटनेने स्वतःचे नाव ठेवले 'ईएनडब्ल्यूबी': पहिली, एकमेव आणि खरी! जुनी संस्था न्यायालयात गेली, नाव बदलावे लागले. पण विडंबनाने साधायचे ते साधले होते. तीच आजची 'फीट्सर्सबाँड'.

आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला दोन वर्षांपूर्वी चौकात टँकरने उडवले. तो वाचला, पण अजून काठी घेऊन चालतो. नोंद झाली ती 'तोल जाऊन पडल्याने' अशी. कोणाचा तोल, हे त्या वाक्यात विचारताच येत नाही. निवेदनात 'हत्येचा प्रयत्न' असे लिहावे, असे आमच्यातल्या तरुणांचे म्हणणे. निवृत्त अभियंता असलेल्या एका ज्येष्ठांनी विरोध केला: ज्या अधिकाऱ्यासमोर पुढच्या महिन्यात नकाशा पसरायचा, त्याला आज खुनी म्हणून कसे चालेल?

त्यांचे म्हणणे आम्हांला अर्धे पटते. डच चळवळीतही घोषणेच्या जोडीला वर्षानुवर्षांचे कंटाळवाणे काम होतेच: धोक्याच्या जागांच्या याद्या, त्यांचा पाठपुरावा आणि पुन्हा पाठपुरावा. पुण्यात महानगरपालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. म्हणजे कागद आहे. अनेक सायकलमार्गांवर मात्र दुचाक्या उभ्या असतात. अशा ठिकाणी 'सायकल चालवा, निरोगी राहा' हा फलक आम्हांला जवळजवळ क्रूर वाटतो. रस्त्याचा दोष तो चालवणाऱ्याच्या आळसावर ढकलतो.

तूर्त मसुद्यातून 'अपघात' आणि 'हत्या' हे दोन्ही शब्द आम्ही काढले आहेत. प्रत्येक जागेपुढे तारीख, जखमीचे वय, मार्गाची रुंदी आणि तिथे काय बांधायला हवे होते, एवढेच लिहितो. 'हवे होते'ऐवजी 'बांधले नाही' लिहावे, असा तरुणांचा आग्रह आहे. कर्त्याची जागा त्यांना रिकामी सोडायची नाही. ज्येष्ठ टेप घेऊन रुंदी मोजत हिंडत आहेत. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.